दहा नाकं आणि एक जहाज

नागपूरच्या माणसाने समुद्रावर जावं की नाही, याचा निकाल झीरो माइलच्या खांबाने केव्हाच लावून ठेवलाय. देशाचा मध्य आमच्या वाट्याला आला, समुद्र इतरांच्या. मोठ्या पाण्याचा आमचा अनुभव फुटाळा तलावापर्यंत, आणि तिथेही आम्ही पाण्याकडे पाठ करूनच भुट्टा खातो. तरी सप्टेंबर 2021 मध्ये मुंबईहून गोव्याकडे क्रूझ सुटायला लागली, बहुतेक मोठ्यांचा कोविडच्या लसीचा निदान एक डोस झाला होता, दीड वर्ष घरात एकमेकांची तोंडं पाहून झाली होती. आणि घराघरांतल्या कुणीतरी ठरवलं की आता हीच तोंडं जरा पाण्यावर जाऊन पाहू.

जहाजाला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. जहाज आपलं काम नीट करतं. अवघड असतो तो बुधवार.

समजा, जहाजावर चढायची वेळ शुक्रवारी दुपारी चारची आहे आणि तेव्हाचा नियम 48 तासांच्या आतल्या आरटीपीसीआरचा, म्हणजे नाकात काडी घालून करायच्या कोविड चाचणीचा. मुंबईकर गुरुवारी सकाळी नाक दाखवून येतो, रात्री रिपोर्ट घेतो आणि शुक्रवारी वरणभात जेवून बंदरावर जातो. नागपूरकराची दुरंतो गुरुवारी रात्री पावणेनऊच्या सुमारास सुटते. नमुना बुधवारी चारच्या आधी दिला तर तो शिळा. गुरुवारी सकाळी दिला तर रिपोर्ट येणार बडनेरा मागे पडल्यावर, आणि तो वाईट निघाला तर काय करायचं याचं उत्तर टीसीकडेही नसतं. लॅब सातला बंद होते आणि रिपोर्टला चोवीस तास मागते. म्हणजे बुधवार, दुपारी चार ते सात. तीन तास आणि दहा नाकं: आजी, आजोबा, काका, काकू, भाऊ, वहिनी, आत्या आणि तीन पोरं. विमानाने गेलं तर वेळ थोडा सुटतो, पण दहा तिकिटांचा आकडा ऐकून आजोबाच म्हणतात, “पायी निघू.”

प्रत्येक घरात एक काका असतो, जो मंगळवारीच उरकून टाकायच्या मताचा असतो. “काऊन बुधवार-बुधवार करून राहिले तुम्ही? मंगळवारी गर्दी नसते.” त्यांना सांगावं की तास मोजतात ते नमुना घेतल्याच्या वेळेपासून, रिपोर्ट हातात पडल्यापासून नव्हे, आणि ती वेळ रिपोर्टवर मिनिटासकट छापलेली असते. काकांना हे पटत नाही. ते लॅबवाल्याला “जरा पुढची वेळ टाका ना भाऊ” असं म्हणायच्या आत त्यांना बाहेरच्या बाकावर बसवावं.

डिसेंबर 2021 मध्ये सरकारने चाचणीचे दर खाली आणले: केंद्रावर नमुना दिला तर 350 रुपये, घरी बोलावलं तर 700. दहा जणांचा फरक साडेतीन हजार. हा फरक ऐकून घरातले कर्ते लोक केंद्रावर जायचं ठरवतात, मग आजीच्या गुडघ्यांसाठी दोन ऑटो करतात, आणि सगळ्या वऱ्हाडाला धरमपेठेच्या ट्रॅफिकमध्ये पाच वाजता घालतात. माझं स्पष्ट मत: घरी बोलवा. वेळ चारनंतरची घ्या, आणि आलेल्या मुलाला चहा नमुने झाल्यावर द्या, आधी नको.

नाकांचा क्रम महत्त्वाचा. सर्वांत लहान पोराला सर्वांत आधी बसवायचं, आजोबांचा चेहरा पाहायला मिळण्याआधी. डोकं भिंतीला टेकवायचं, म्हणजे मागे ओढायला जागा राहत नाही. मास्क तोंडावरच ठेवून फक्त नाक उघडं करायचं. काडी वर जात नाही, सरळ मागे जाते, नाकाच्या तळाला समांतर. माणूस घाबरून मान वर करतो आणि तिथेच ती अडते. काडी मागे टेकली की काही सेकंद फिरवतात, डोळ्यांतून पाणी येतं आणि संपतं. घशाचाही नमुना असेल तर आधी अर्धा तास काही खाऊ नये. तर्री पोहे नंतर. आजोबा मात्र काडी निघाल्यावर एवढंच विचारतात, “मेंदूला लागलं तर भरपाई कोण देणार?”

आता खरा धोका. ज्याला गेल्या दोनेक महिन्यांत कोविड होऊन गेला आहे, त्याचा माणूस म्हणून काही दोष नसतो. पण आरटीपीसीआर विषाणूचे मेलेले तुकडेही पकडतं आणि बरा झालेला गडी आठवडेच्या आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकतं. घरात असा कुणी असेल तर तारीखच पुढे घ्या. कारण दहातला एक पॉझिटिव्ह आला की उरलेले नऊ निगेटिव्ह राहत नाहीत, संपर्कातले होतात. म्हणून पैसे भरण्याआधी विचारायचं: रद्द झालं तर पैसे परत, की पुढची तारीख? आणि ते एका केबिनपुरतं, की सगळ्या बुकिंगला? दहाही जण एका बुकिंगमध्ये कोंबू नका. केबिनगणिक वेगळं बुकिंग करा आणि जेवणाच्या टेबलासाठी ती जोडून घ्या. काका याला “उगाच चार-चार पावत्या” म्हणतील. म्हणू द्या.

कागदांचं दुखणं वेगळंच. आधारवर आजी कुसुम, लसीच्या प्रमाणपत्रावर कुसुमबाई, तिकिटावर पोराने घाईत टाकलेलं फक्त आडनाव. बंदरावरच्या खुर्चीला या तिघी वेगवेगळ्या बाया वाटतात. दुरुस्ती कोविनवर, म्हणजे लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर व्हायची, पण हप्ताभर आधी करायची गोष्ट आहे ती, फाटकाशी नव्हे. त्यातून कोविनवर एका मोबाइल नंबरवर चारच माणसं नोंदवता येत. जानेवारी 2022 मध्ये ती मर्यादा सहा झाली, तोवर दहा जणांचं घर तीन फोनांत विखुरलेलं होतं. तिसरा फोन नेमका पुण्यातल्या पुतण्याचा, जो बैठकीत बसलेला असतो, आणि त्याच्याकडे आलेला ओटीपी तीन मिनिटांत मरतो. प्रमाणपत्रं कागदावर काढा, दोन संच. एक काकूंकडे, दुसरा काकांना न सांगता काकूंकडेच. पंधरा वर्षांवरच्या पोरांची लस 3 जानेवारी 2022 पासून सुरू झाली; त्याखालच्या पोरांची सगळी भिस्त तेव्हा नाकावरच.

गाडीत चादरी मिळत नव्हत्या. मार्च 2020 मध्ये रेल्वेने एसी डब्यातल्या चादरी-ब्लँकेटं बंद केली, ती मार्च 2022 पर्यंत. बाहेर नागपूरचा हिवाळा, आत एसी, म्हणजे दहा चादरींची एक स्वतंत्र पिशवी. आणि ती पिशवी पुढे जहाजावर कुणी न्यायची यावर इगतपुरीपर्यंत चर्चा. सकाळी आठच्या सुमारास सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअर जेमतेम दोन किलोमीटर, टॅक्सीवाल्याला “ग्रीन गेट” म्हटलं की पुरे. पण चढायला अजून सात-आठ तास असतात. म्हातारी माणसं फलाटावर बसवून हा वेळ काढू नका. जवळ दिवसापुरती एक खोली घ्या, अंघोळी उरका, बीपीच्या गोळ्या वेळेवर जाऊ द्या. उन्हात रांगेत उभं राहून तापलेलं कपाळ ताप मोजायच्या पिस्तुलासमोर नेलं की आकडा विनाकारण वर जातो. आधी दहा मिनिटं सावलीत थांबा. नखांवर मेंदी किंवा गडद नेलपॉलिश असेल तर ऑक्सिमीटरही भलतंच सांगतं. लग्नसराईत निघणाऱ्या वहिनींनी लक्षात ठेवावं.

सामानात काय चालत नाही, त्यावर सर्वांत मोठं रण माजतं. जहाजाला पाण्यापेक्षा आगीची भीती जास्त, म्हणून इस्त्री नाही, पाण्याची किटली नाही, मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही. आजीचे देव चालतात, त्यांची निरांजनं चालत नाहीत. घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक आत सोडत नाहीत. बंद डब्यातली संत्रा बर्फी सुटते, पुडाची वडी अडते. तर्रीची बाटली स्कॅनरवर पाहून तिथला माणूस ज्या गंभीरपणे विचारतो, “ये क्या है?”, त्याचं समाधान होईल असं उत्तर हिंदीत नाही. मोठ्या बॅगा खाली घेतात आणि त्या केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, इन्सुलिन, चष्मा, चार्जर, पोरांचा एक कपड्यांचा जोड आणि कवळीची डबी, हे सगळं हातातल्या पिशवीत.

केबिनची वाटणी नात्यांवर करू नये, फुफ्फुसांवर करावी. “आजीजवळ पोरं झोपतील” ही आपली जुनी पद्धत, पण लस न घेतलेली पोरं आणि सत्तरीची आजी एका बंद खोलीत ठेवणं त्या दिवसांत शहाणपणाचं नव्हतं. शिवाय कुणी पॉझिटिव्ह निघालं की आधी त्याच खोलीतले आत जातात. पोरं आईबापांजवळ, म्हातारी दोघं वेगळी, आणि आत्या जिथे म्हणेल तिथे. केबिनचा दर दोघांचा असतो. तिसरा आणि चौथा पलंग छतातून खाली येतो आणि त्याला शिडी असते. ती शिडी पाहून काका म्हणतात, “मी चढतो.” ते चढतात. रात्री तीनला उतरायचं असतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही.

बिनखिडकीची केबिन स्वस्त, पण आत दिवस उगवत नाही. पहाटे चारला उठायची सवय असलेल्या माणसाला जाग आल्यावर हे पहाटेचे चार की दुपारचे, कळायला मार्ग नसतो. मोठ्या आकड्यांचं, तारीख दाखवणारं घड्याळ न्या. संडासाचा उंबरा चांगला चार बोटं वर असतो; रात्री दिवा चालू ठेवा, नाहीतर पहिलं बोट तिथेच ठेचतं. आणि तो संडास पाण्यावर कमी, हवेच्या ओढीवर जास्त चालतो. बटण दाबलं की असा आवाज होतो की लहान पोर पुढचे दोन दिवस आत जायला तयार होत नाही. झाकण लावून मग दाबा. त्यात डायपर किंवा ओले रुमाल टाकले तर आपलाच नव्हे, शेजारच्या केबिनींचाही निचरा तुंबतो, आणि शेजारी गुजरातहून आलेलं चौदा जणांचं कुटुंब असतं.

पोटात ढवळतं ते कान आणि डोळे यांच्या भांडणामुळे. कान सांगतो हलतोय, डोळा सांगतो खोली जागेवर आहे. म्हणून आत पडून राहणाऱ्याला जास्त त्रास. वर जाऊन क्षितिजाकडे पाहिलं की उतरतो. केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घेतली तर झोके कमी. ॲव्होमिनसारखी गोळी आधी घ्यावी लागते, ओकारी सुरू झाल्यावर नव्हे; झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. नागपूरचा माणूस पहिल्या रात्री तीन वेळा जेवतो आणि सकाळी समुद्राला दोष देतो. त्यात समुद्राचा काही संबंध नसतो.

जेवणाच्या पाळ्या लावलेल्या असायच्या आणि बुफेत चमचा तुमच्या हातात नसायचा. काचेमागचा माणूस वाढणार, तुम्ही बोट दाखवणार. मास्कमधून “अजून थोडं” हे कळवण्यात काकूंचा घसा बसला तर सर्दी म्हणून डॉक्टर बोलावू नका. हात मात्र साबणाने धुवा. जहाजांचा जुना पोटदुखीचा विषाणू, नोरोव्हायरस, सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही. बंदर सोडलं की सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाका. जहाजाचं नेटवर्क आपोआप लागतं आणि आजोबांनी पाठवलेल्या एकेका सुप्रभाताचं बिल महिन्याअखेर येतं.

सात आखूड भोंगे आणि एक लांब, ही संकटाची खूण. त्याची कवायत चुकवायची नसते, प्रवासाच्या सुरुवातीलाच असते. कोविडमध्ये गर्दी नको म्हणून कुठे टोळ्या पाडून घ्यायचे, कुठे फोनवर फिल्म दाखवून जागेवर हजेरी. भोंगा वाजला की आजी देवांना घ्यायला केबिनकडे वळते. तिला आधीच समजावून ठेवा.

आणि जहाजावरच कुणी पॉझिटिव्ह निघालं तर? फेब्रुवारी 2020 मध्ये योकोहामाला डायमंड प्रिन्सेस जहाजावर 3,711 माणसं अडकली आणि 712 जणांना लागण झाली, ते सगळ्या जगाने पाहिलं. आपल्याकडे जानेवारी 2022 च्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून गोव्याला गेलेल्या जहाजावर 66 जण निघाले आणि जहाज मुंबईला परत फिरलं. अशा वेळी वेगळी केबिन, दाराशी ठेवलेलं जेवण आणि पुढच्या बंदरावर कोण उतरणार याची वाट पाहणं, एवढंच हातात असतं. म्हणून तीन दिवसांच्या सफरीला औषधं दहा दिवसांची न्या. आत्या याला अपशकुन म्हणेल. तिची गोळ्यांची पट्टी तुम्ही ठेवा.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या रात्रीतून खाली जातात. त्या आधी प्रत्येकाने सकाळी घालायचे कपडे बाजूला काढले की नाही, हे केबिनगणिक फिरून स्वतः डोळ्यांनी पाहा. “हो” या शब्दावर विश्वास ठेवू नका. पँट बॅगेत गेली की आजोबा मुंबई बंदरावर फुलाफुलांच्या बर्म्युड्यात उतरतात. आणि परतीचं दुरंतोचं तिकीट काढणाऱ्याने तारीख दोनदा वाचावी. ती सीएसएमटीहून रात्री सव्वाबाराला सुटते, म्हणजे सोमवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट मंगळवारचं लागतं. सोमवारचं काढलं असेल तर ती गाडी, तुम्ही अजून जहाजावर बर्फी वाटत असताना, तुमच्या दहाही बर्थ रिकाम्या घेऊन कल्याण ओलांडून गेलेली असते.