पपईचा रस, प्लेटलेट आणि ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

ताई, नमस्कार.

'डेंग्यूत पुतण्याच्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ३८ हजारांवर आल्या होत्या, तीन दिवस पपईच्या पानांचा रस पाजला आणि १ लाख १० हजार झाल्या. तुम्हाला घरगुती म्हटलं की सगळंच थोतांड वाटतं,' असं तुम्ही लिहिलंत. आकडे खरेच असणार. मला एवढंच विचारायचंय, रस सुरू केला कितव्या दिवशी?

बहुतेक घरांत तो प्लेटलेट घसरल्याचा रिपोर्ट हाती आल्यावर सुरू होतो, म्हणजे तापाच्या पाचव्या दिवसाच्या आसपास. डेंग्यूत प्लेटलेट तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरू लागतात आणि आठवडाभरात आपल्या आपण चढतात. पाचव्या दिवशी नुसती पेज पाजली असती तरी आठव्याला आकडा वरच दिसला असता.

मलेशियात २२८ रुग्णांवर झालेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. रस घेणाऱ्यांच्या प्लेटलेट लवकर वाढल्या, हे मान्य. पण रस कोणाला मिळतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो मुख्यतः केशवाहिन्यांतून रक्तातलं पाणी झिरपल्याने. ते झिरपणं रसाने थांबतं, याचा पुरावा नाही.

म्हणून सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टात प्लेटलेटच्या ओळीवरच बोट ठेवू नका. त्याच कागदावर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, ते लिहिलेलं असतं. ते ३९ वरून ४७ झालं तर पाणी झिरपून रक्त वीस टक्के घट्ट झालं. प्लेटलेट ६० हजार आणि पीसीव्ही असा चढलेला, हा रुग्ण मला ३० हजार प्लेटलेट, स्थिर पीसीव्ही आणि व्यवस्थित लघवी असलेल्यापेक्षा जास्त काळजीचा वाटतो.

हे झिरपणं नेमकं ताप उतरल्यावर होतं. घरचे 'सुटलो बाबा' म्हणतात आणि पुढचे २४ ते ४८ तासच घातक असतात. पोटात जोराची दुखणी, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, विलक्षण सुस्ती किंवा तगमग: यातलं एकही दिसलं तर रात्री दोन वाजले असले तरी मेडिकल, मेयो ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं किंवा जे रुग्णालय जवळ असेल ते गाठा.

रस कडू जहर असतो. तो उलटला की त्याआधी पाजलेलं ओआरएस, म्हणजे क्षार-साखरेचं पाणी, तेही बाहेर. प्लेटलेटसाठी शेळीचं दूधही कच्चं पाजतात, त्यातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो. गुळवेलीचे काढेही नकोत; डेंग्यूत यकृताला आधीच सूज असते आणि गुळवेलीने यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. बीटही राहू द्या. लाल उलटी झाली तर ते बीट की रक्त, हे डॉक्टरांनाही पटकन कळत नाही.

उपयोगाचं घरगुती औषध फार साधं आहे, म्हणून त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट घातलं तर मिठाचं प्रमाण भलतंच वाढतं. जोडीला मीठ घातलेली तांदळाची पेज, ताक, शहाळ्याचं पाणी. घोट-घोट पाजा, नुसतं साधं पाणी नको. दर चार ते सहा तासांनी लघवी व्हायला हवी. वेळ कागदावर लिहून ठेवा, डॉक्टर आधी तेच विचारतात. तापाला फक्त पॅरासिटामॉल: मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तास. सर्दीच्या गोळीतही तेच असतं, म्हणून दोन्ही एकत्र नकोत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

आणि खिडकीतला कूलर. नागपुरात तो ऑक्टोबरपर्यंत तळाशी पाणी घेऊन तसाच असतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेघेवर, टबच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात. पाणी ओतून दिलं म्हणजे झालं असं नाही. टब आठवड्यातून एकदा रिकामा करून ती रेघ काथ्याने घासायची, कूलरच्या गवताच्या ताट्या उन्हात वाळवायच्या, आणि कूलर माळ्यावर टाकण्याआधी पुन्हा एकदा घासायची. नाहीतर एप्रिलमध्ये पहिली बादली ओतली की तीच अंडी फुटतात.