पक्ष्यांचा कायमचा बंदोबस्त : एक अनुभवसिद्ध कृती

पहाटे चारपासून कोकीळ कोकलतोय, पारव्यांनी एसीच्या मागे संसार थाटलाय आणि तुमच्या झोपेचं खोबरं झालंय? मग जाळ्या, गलोली, फटाके असले उपाय सोडा. पॅसिफिक महासागरात अमेरिकेच्या ताब्यातलं ग्वाम नावाचं बेट आहे. तिथे हे काम कसं बिनबोभाट पार पडलं ते नीट वाचा.

साहित्य फारसं लागत नाही. एक तपकिरी वृक्षसाप, तोही विकत आणायचा नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करी सामानात दडून, बहुधा पापुआ न्यू गिनीच्या बाजूने, तो आपला आपण ग्वामला पोचला. तुम्ही फक्त खोकी तपासायचा आळस करायचा. एवढं तर आपल्याला सहज जमतं.

मग धीर धरा. साप रात्रीचा निघतो आणि फांदीवर झोपलेली पाखरं, घरट्यातली अंडी-पिल्लं निवांत गिळतो. असल्या सापाशी ग्वामच्या पाखरांची कधी गाठच पडली नव्हती, त्यामुळे प्रतिकार शून्य. पक्षी कमी होताना दिसले की कीटकनाशकं असतील, रोगराई असेल, अशी चर्चा चालू ठेवावी. ग्वाममध्ये ती इतकी छान रंगली की साप हाच चोर हे ज्युली सॅव्हिज या संशोधिकेने १९८७ साली ठामपणे मांडेपर्यंत काम जवळजवळ उरकलं होतं. बारा मूळ जंगलपक्ष्यांपैकी दहा बेटावरून गेले. तिथला माशीमार तर जगातूनच गेला.

आता फायदे बघा. कोळी खाणारं कोणी उरलं नाही, म्हणून पावसाळ्यात तिथे शेजारच्या बेटांच्या चाळीसपट कोळी भरतात. जंगलात शिरायचं तर तोंडासमोर काठी फिरवत जाळी तोडत चालायचं, व्यायामही होतो. फळं पिकतात आणि आपल्याच झाडाच्या बुंध्याशी पडून कुजतात, कारण ती खाऊन दूरवर बी टाकणारी पाखरं नाहीत. दोन नेहमीच्या झाडांची नवी रोपं त्यामुळे ६१ ते ९२ टक्के घटत असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पुढेमागे जंगल विरळ झालं की प्लॉट पाडायलाही सोपं जाईल, हे मी आपलं सुचवून ठेवतो.

साप विजेच्या खांबांवर चढून बत्ती गुल करतात, ही किरकोळ बाब. त्यावर सरकारी तोड निघालीच: २०१३ साली हेलिकॉप्टरमधून दोन हजार मेलेले उंदीर टाकले. आपण तापावर घेतो तेच पॅरासिटामॉल, ८० मिलिग्रॅम, प्रत्येक उंदरात. आणि फांदीवर अडकावा म्हणून पुठ्ठ्याला बांधलेली कागदी पट्टी. साप ते खातो आणि मरतो. कोळी खायला पाखरं फुकट होती, पण फुकटच्या कामाचं टेंडर कसं काढणार?

आणि कधी पक्षी परत हवेत अशी दुर्बुद्धी सुचलीच, तर तीही सोय आहे. सिहेक नावाचा तिथला खंड्या, १९८०च्या दशकात २९ पक्षी पकडून पिंजऱ्यात ठेवले म्हणून वाचला. २०२४ साली त्यांच्या वंशातले नऊ मोकळे सोडले. ग्वामवर नव्हे हो, तिथे साप आहेत! हजारो किलोमीटर लांबच्या पामायरा बेटावर. तेव्हा साप आणण्याआधी तुम्हीही असं एखादं बेट हेरून ठेवा.