‘नियम कोकणात पोचेपर्यंत भिजतात’: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, आधी चूक कबूल करते. वीज-गॅस ग्राहकांच्या हक्कांवरच्या मागच्या लेखात मी लिहिलं होतं की दोन वर्षांपेक्षा जुनी थकबाकी वीज कंपनीला मागताच येत नाही. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत ते बरोबर. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये दोन वर्षांची मुदत आहे खरी, पण राजस्थानातल्या एका वीज कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये तिचा अर्थ लावला. आपल्याच चुकीने आकारायची राहिलेली रक्कम कंपनीने मुदत उलटल्यावर मागितली, तर तेवढ्यासाठी लाइट तोडता येणार नाही. वसुलीचे बाकीचे मार्ग मात्र तिला मोकळे राहतात. म्हणजे हातातली कुऱ्हाड काढून घेतली, उधारी माफ नाही झाली. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता उरलेलं. तुम्ही लिहिलंत: “हे नियम मुंबईत एसीत बसून वाचायला छान. आमच्या देवगडला पोचेपर्यंत भिजतात. पावसात चार-चार दिवस लाइट नसते, वायरमन एक आणि वाड्या बारा, गॅसवाला बाटला वर सड्यावर टाकून जातो. आजवर कुणाला रुपया तरी भरपाई मिळाली का? लोकांना उगाच अर्ज लिहायला बसवू नका.”

मी राजापूर तालुक्यात राहते. एसी नाही, आणि असता तरी संध्याकाळी सातच्या व्होल्टेजवर तो चालला नसता. भरपाईचं विचाराल तर मलाही रुपया मिळालेला नाही. पण अर्ज उगाच, हे मला पटत नाही. का ते सांगते.

आमच्याकडे माकडांच्या त्रासामुळे पडवीला जाळी मारून घेतली आणि दाराला कुलूप. मीटर नेमका पडवीत. रीडिंगवाला मुलगा यायचा तेव्हा आई बागेत. तो बिचारा जाळीतून डोकवायचा, पण खाऱ्या हवेने मीटरची काच अशी पांढरी पडली होती की आकडा आठ की शून्य कळू नये. मग बिलावर रीडिंगच्या जागी ‘लॉक’ आणि खाली सरासरी बिल. असं सहा महिने. आईने प्रत्येक बिल वेळेवर भरलं. सातव्या महिन्यात खरं रीडिंग झालं, ते निघालं सहा महिन्यांचं मिळून ४२० युनिट. महिन्याला ७०, म्हणजे सगळा वापर पहिल्या, शंभर युनिटच्या स्वस्त टप्प्यातला. बिलात मात्र हे ४२० एकाच महिन्यात जाळल्यासारखे धरलेले! शंभर पहिल्या टप्प्यात, दोनशे दुसऱ्यात, वरचे १२० तिसऱ्यात. आधी भरलेले पैसे वजा केले होते, पण चढ्या दराची गोम तशीच राहिली.

ऑफिसात गेले तर खिडकीवरचं उत्तर: “भरून टाका, पुढच्या बिलात वळतं होईल.” नाहीतर लाइट कापू, हे बोलले नाहीत, पण आईला ते ऐकू आलं. ती पैसे भरून मोकळी होणार होती. लाइट कापायला १५ दिवसांची लेखी नोटीस लागते हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच कलम ५६ मधली पुढची ओळ फार कुणी वाचत नाही: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत लाइट तोडता येत नाही. मी कमी असलेली रक्कम भरली, मीटरचा मोबाइलवर काढलेला फोटो जोडला आणि पोच मागितली. आवक शिक्का ज्यांच्याकडे, त्या बाई जेवायला गेलेल्या. पाऊण तास थांबले. तो शिक्का आणि त्याखालचा निळ्या पेनाने लिहिलेला नंबर, एवढीच माझी मिळकत. पण दोन बिलांनंतर युनिटं सहा महिन्यांत वाटून हिशेब दुरुस्त झाला.

एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. केंद्राचे वीज ग्राहक हक्क नियम ३१ डिसेंबर २०२० ला आले. त्यात अंदाजाच्या बिलांना दोनची मर्यादा आहे. त्यापुढेही अंदाजानेच बिल येत राहिलं, तर प्रत्यक्ष रीडिंगचं बिल येईपर्यंत पैसे न भरण्याची मुभा ग्राहकाला आहे. आणि मीटरपर्यंत पोचता येत नसेल, तर ग्राहकाने रीडिंगचा तारखेसह फोटो नोंदवलेल्या मोबाइलवरून पाठवायचा, असाही पर्याय आहे. चाकरमान्यांच्या बंद घरांसाठी याहून सोयीचं काय? गणपतीला आलेला माणूस मखराचे शंभर फोटो काढतो, मीटरचा एक काढत नाही.

तुमचा खरा मुद्दा भरपाईचा. सेवेचा दर्जा पाळला नाही तर भरपाई, आणि ती ठरल्यापासून ९० दिवसांत, हे कलम ५७ सांगतं. राज्याच्या वीज नियामक आयोगाचे यासाठीचे विनियम २०२१ चे आहेत. मग ती आपल्या वाडीत का पोचत नाही? माझ्या मते घोडं नोंदीवर अडतं. लाइट गेली की आपण काय करतो? वायरमनला त्याच्या मोबाइलवर फोन. तो ओळखीचा, चांगला माणूस, खांद्यावर कोयती टाकून भर पावसात येतो, तारेवर पडलेली माडाची झाप तोडतो, डीपीवर (ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर) जाऊन फ्यूज बांधतो. त्याच्याविरुद्ध तक्रार करायला आपली जीभ रेटत नाही, आणि रेटूही नये. पण १९१२ या वीज तक्रारीच्या नंबरवर फोन न केल्यामुळे तक्रारीला नंबर नाही, नंबर नाही म्हणून वेळ मोजायला सुरुवातच नाही. चार दिवस आपण कंदिलात बसलो, कागदावर आपली लाइट गेलीच नव्हती. भरपाई कंपनीने द्यायची असते, वायरमनने नव्हे, हे वाडीत सांगून सांगून मी थकले. उलट बारा वाड्यांच्या तक्रारी आकड्यांत दिसल्या, तरच दुसरा वायरमन मागायला आधार मिळेल.

मात्र हा भार ग्राहकानेच का उचलायचा, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. नियमांचा आढावा घ्यायचाच तर इथून घ्यावा. त्याच २०२० च्या नियमांत म्हटलं आहे की ज्या गोष्टींवर दुरून लक्ष ठेवता येतं आणि कसूर सिद्ध होते, त्यांची भरपाई आपोआप द्यायची. आता दारोदार स्मार्ट मीटर लावताहेत. वीज कधी गेली नि कधी आली हे त्याला कळतं. मग आईसारख्या बाईने अर्ज कशाला लिहायचा? मीटरला थकबाकी लक्षात राहते, तर काळोखही लक्षात राहू दे.

वादळाचं म्हणाल तर कंपनीला भरपाईतून मिळणारी सूट रास्तच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे खांबच्या खांब आडवे झाले, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. तेव्हा तासांचा हिशेब कोण मागेल? माझं म्हणणं एवढंच, की या सवलतीला शेवट हवा. गावाच्या डीपीत वीज आली, त्या दिवसापासून ज्या घरात काळोख उरला तो साधा बिघाड धरावा, वादळ नव्हे.

गॅसकडे वळते. तिथे तुमची तक्रार माझ्याहून रास्त आहे. विजेला कंपनीवर तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. सिलिंडरला असा स्वतंत्र लोकपाल नाही. एजन्सी, मग गॅस कंपनी, मग थेट ग्राहक आयोग. त्यातल्या त्यात बरं हे, की पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी नाही आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार टाकता येते. पण एका बाटल्यासाठी देवगडहून ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, कोण जाणार?

आमच्या वाडीत गाडी वरच्या रस्त्यावर थांबते. खाली पाखाडीच्या शंभरेक पायऱ्या. बाटला खाली आणायचे पैसे वेगळे, आणि तेही पावतीवर नाहीत. गेल्या वर्षी मी विचारलं, “पावतीतल्या रकमेत घरपोच धरलंय का? धरलं असेल तर वरचे कसले, आणि नसेल तर पायऱ्यांच्या हमालीची वेगळी पावती द्या.” पोरगा हसला, म्हणाला, “ताई, मालकाला विचारा.” मग मी वजन मागितलं. गाडीत काटा असायला हवा. होता, सीटखाली, गंजलेला. बाटल्यावर रिकामं वजन १५.३ लिहिलेलं. त्यात १४.२ किलो गॅस मिळवला की २९.५. काटा बरोबर तिथे आला. वजनात काही खोट नव्हती, हेही सांगायला हवं. तेव्हापासून काटा सीटच्या वर असतो आणि शेजारणीही वजन मागतात. हमाली मात्र अजून बिनपावतीचीच आहे, त्यात मी हरले.

तुमच्या त्या चार दिवसांच्या लाइटबद्दल: १९१२ वर फोन करून नंबर घेतला होता का? असेल तर ग्राहक क्रमांक झाकून बिलाचा फोटो पाठवा, अर्ज मी लिहून देते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा वीज तक्रार मंच रत्नागिरीला आहे, वकील लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं. नंबर नसेल, तर पुढच्या वेळी वायरमनला फोन लावायच्या आधी १९१२ वर लावा.