प्रकाश फिका नाही, सेटिंग चुकलंय

एक फोटो सगळीकडे फिरतोय. शेजारीशेजारी दोन मॉनिटर, दोन्हींवर ‘सायबरपंक २०७७’ या व्हिडिओ गेममधली तीच गल्ली. डावीकडची गडद, झगमगीत. उजवीकडची राख फासल्यासारखी. खाली मजकूर: “एनव्हिडियाचा प्रकाश खरा, एएमडीचा फिका. डोळ्यांनी बघा.”

दोन्ही कंपन्या गेमचं चित्र तयार करणारी ग्राफिक्स कार्डं बनवतात. बघितलं. हा मोबाइलने काढलेला फोटो आहे, स्क्रीनशॉट नाही. पाणी इथेच मुरतंय. एचडीएमआय केबलवरून मॉनिटरला चित्र पाठवताना कार्ड रंगांच्या ० ते २५५ अशा पूर्ण पातळ्या वापरतं, नाहीतर टीव्हीसाठीच्या १६ ते २३५. कार्डाने काळा म्हणून पाठवलेला १६ मॉनिटरने करडा समजला, की अख्खी रात्र धुरकट. मी माझ्याच मशीनवर ‘फुल’ (० ते २५५) सेटिंगचं ‘लिमिटेड’ (१६ ते २३५) करून पाहिलं. बोगद्याच्या तोंडाशी असलेला अंधार क्षणात दुधाळ झाला. त्याच वेळी घेतलेला स्क्रीनशॉट मात्र जसाच्या तसा, कारण ही उलथापालथ चित्र तयार झाल्यावर, ते बाहेर पाठवताना होते.

पुढचा दावा, रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा प्रवास मोजून उजेड-सावली काढणं, फक्त एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांवर चालतं. एप्रिल २०१९ मध्ये खुद्द एनव्हिडियाने आरटीएक्स नसलेल्या, ६ जीबीच्या जुन्या जीटीएक्स १०६० कार्डावरही ते ड्रायव्हरमधून, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, सुरू करून दिलं. किरणांचा हिशेब तोच, फ्रेम तेवढ्या रडतखडत. एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेत नोव्हेंबर २०२० पासून त्यासाठी खास हार्डवेअर आहे. सायबरपंकमध्ये मात्र त्या कार्डांना हा पर्याय मार्च २०२१ च्या १.२ या अपडेटनंतरच मिळाला.

‘नवं कार्ड टाकलं की जुने गेमही उजळतात’ म्हणे. ज्या गेममध्ये भिंतींवरचा उजेड आधीच मोजून साठवलेला असतो, तिथे कार्ड काय उजळणार?

आता जिथे तथ्य आहे ते. २०२३ च्या सप्टेंबरात सायबरपंकमध्ये ‘रे रिकन्स्ट्रक्शन’ आलं, तेही फक्त आरटीएक्स कार्डांसाठी. प्रत्येक पिक्सेलला मोजकेच किरण परवडतात, म्हणून चित्र आधी दाणेदार निघतं. ते साफ करण्याचं काम इथे शिकवून तयार केलेलं एआय मॉडेल करतं. ओल्या रस्त्यावरचं निऑनचं प्रतिबिंब त्यामुळे जास्त रेखीव दिसतं. खरा फरक आहे, पण जवळ जाऊन बघावा लागतो. त्याने अख्ख्या गल्लीला राख फासली जात नाही.

फोटो टाकणाऱ्याने उजव्या मॉनिटरचं आउटपुट सेटिंग एकदा तपासावं. आणि पुढच्या वेळी स्क्रीनशॉट टाकावा.