उल्का, तांब्या आणि मी

गुढी सूर्यास्ताच्या आत उतरवायची, हे आमच्या आईचं शास्त्र. २०२२ च्या पाडव्याला, म्हणजे २ एप्रिलला, श्रीखंडाच्या गुंगीत मला त्याचा साफ विसर पडला. आठवलं तेव्हा पावणेआठ होत आलेले. "अंधारात कोण गुढी उतरवतं रे?" हे वाक्य पाठीवर झेलत जिना चढलो. नागपूरचा एप्रिल, फरशी अजून तळपाय शेकत होती. सुतळीची गाठ काही सुटेना, कारण सकाळी ती मीच बांधली होती. साखरेच्या गाठीवरच्या मुंग्या काठीवरून माझ्या बाहीत राहायला आल्या.

कसाबसा तांब्या हाती आला, वर बघतो तर आभाळातून जळते गोळे चाललेले! पुढे एक थोरला, मागे पिल्लावळ, प्रत्येकाला शेपूट. आवाज नाही, घाई नाही. वरात निघावी तसं निवांत.

एका हातात काठी, दुसऱ्यात तांब्या, मोबाईल खाली चार्जिंगला. "अगं, लवकर वर ये!" मी ओरडलो.

"तांब्याला पोचा पाडलात ना?" खालून बायको.

ती वर आली तेव्हा आभाळ धुतल्यासारखं कोरं.

मग मी गेटपाशी जमलेल्या मंडळींचं प्रबोधन केलं. शुक्राहून तेजस्वी उल्का म्हणजे अग्निगोल. आपलं लोणारचं विवर, व्यास जवळपास १.८ किलोमीटर, तेही अशनीच्या आघाताचंच, वगैरे. सगळे माना डोलावत होते. फक्त शेजारचे काका म्हणाले, "मग ते इतकं हळू काऊन चाललं होतं जी?"

"मोठी उल्का होती ना, म्हणून," मी ठोकून दिलं.

खरं तर काकांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. उल्का सेकंदाला निदान ११ किलोमीटरनं घुसते आणि बहुतेकदा काही क्षणांत संपते. पृथ्वीभोवती फिरून खाली येणारं भंगार सात-आठच्या वेगानं, तुकडे सांडत, सावकाश जातं. हे मी वाचलं दुसऱ्या दिवशी. तोवर चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भलीमोठी कडी सापडली होती, आसपास पोकळ गोळेही. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा, असं अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. सोसायटीच्या ग्रुपवर चायना मालाचे विनोद आठवडाभर चालले. ते इथे सांगत नाही. काकांनी मात्र मला नुसता अंगठा पाठवला.

आईनं पेपरातला गोळ्याचा फोटो चष्मा वरखाली करून दोनदा पाहिला.

"यांचा तर तांब्याच खाली आला की रे," ती म्हणाली. "यांनीही वेळेवर उतरवली नसेल."