साखर बंद केली की कॅन्सरची गाठ उपाशी मरते?

वडोदऱ्यात आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक निरोप फिरतोय: पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणाऱ्या तपासणीत, साखर टोचतात, म्हणजे गाठ साखरेवर जगते, भात, फळं, गोड सोडा, ती आपोआप मरेल.

यातलं अर्धं खरं आहे. गाठीतल्या बऱ्याच पेशी ग्लुकोज जास्त ओढतात. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी हे १९२०च्या दशकातच दाखवलं. स्कॅनसाठी टोचतात तो किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेला, ग्लुकोजसारखा पदार्थ. पण त्याच चित्रात मेंदूही उजळतो, कारण त्यालाही ग्लुकोजच लागतं.

निष्कर्ष मात्र साफ चुकीचा. आपण खाल्लं नाही तरी यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतं आणि रक्तातली पातळी राखतं. शिवाय कॅन्सरच्या पेशी ग्लुटामाइन (प्रथिनांचा एक घटक) आणि चरबीवरही तगतात. उपाशी राहतो तो माणूस. दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी केमो चालू असताना वरणभात सोडला. वजन इतकं उतरलं की पुढचा डोस लांबला. फार वाईट वाटलं.

मधुमेह असेल तर पथ्य पाळायचंच, पण डॉक्टरांना विचारून. आणि स्कॅनआधी काही तास उपाशी ठेवतात ते चित्र स्पष्ट यावं म्हणून, उपचार म्हणून नव्हे.