मैदानावर पाणी मारणं म्हणजे चैन नव्हे

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी. अशात उन्हाळी खो-खो शिबिरासाठी शाळेच्या मैदानावर पाणी मारायचं म्हणजे निव्वळ माज, असं आमच्या घरच्या ग्रुपवर काका-मामींनी ठणकावून सांगितलं. भावंडं विरोधात गेली. मी ऑस्ट्रियात इन्सब्रुकला राहतो आणि या वादात भावंडांच्या बाजूने आहे. इथला स्कीइंगचा हंगाम जवळून पाहून माझं हे मत झालंय.

अल्पाइन स्कीइंगचा, म्हणजे बर्फाच्या उतारावरून वेगाने खाली उतरण्याच्या शर्यतींचा, विश्वचषक १९६७पासून होतो. ऑक्टोबरअखेर ऑस्ट्रियातल्या झोल्डनच्या हिमनदीवर सुरुवात, जानेवारीत स्वित्झर्लंडमधलं वेंगेन आणि ऑस्ट्रियातलं किट्झब्युहेल, मार्चमध्ये सांगता. शर्यतीत पहिल्याला १०० गुण, दुसऱ्याला ८०, तिसाव्याला १. फरक मोजायचा तो सेकंदाच्या शंभराव्या भागात. आणि एवढ्या बारीक फरकाला अर्थ येतो तो पाण्यामुळे! ताजा बर्फ मऊ असतो. पहिल्या दहा-बाराजणांच्या स्कीच्या पोलादी कडांनी त्यात चर पडतात आणि मागून येणाऱ्याचं नुकसान होतं. म्हणून शर्यतीआधी माणसं उतारावर उभी राहून, भोकं असलेली लांब नळी बर्फात दाबतात, आत पाणी सोडतात, दोन पावलं सरकतात, पुन्हा दाबतात. थंडीत ते गोठून उतार दगडासारखा होतो. मग तिसाव्या नंबरावर उतरणाऱ्यालाही बऱ्यापैकी पहिल्यासारखाच रस्ता मिळतो.

आपल्या मातीचंही तेच आहे. पाणी मारून रोलर फिरवला नाही तर माती भुसभुशीत होते, खडे वर येतात आणि सूर मारणाऱ्या पोरीचे गुडघे-कोपर सोलवटून निघतात. दोन दिवसांनी ती सूर मारणंच सोडते. शिबिर घेऊन मग शिकवलं काय?

काका-मामींचा राग मला पटतो. रात्री जागून पिंपं भरणाऱ्या बाईला मैदानावरचा पाइप खुपणारच. इथेही पाण्यावरून भांडणं आहेत. कृत्रिम बर्फासाठी डोंगरावर तळी खोदतात, त्याला विरोध होतो. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरची झेरमाट-चेर्विनियाची नवी शर्यत २०२२मध्ये बर्फाअभावी आणि २०२३मध्ये हवामानामुळे झालीच नाही. हिमनदीवर यंत्रं चालवल्याबद्दल टीकाही झाली. पुढे ती वेळापत्रकातून वगळली, हे उत्तमच झालं. निसर्ग नाही म्हणतो तिथे हट्ट कशाला?

पण एक शर्यत वगळली म्हणून कुणी सगळा हंगाम गुंडाळला नाही. आपणही शिबिर गुंडाळू नये. पिण्याचं पाणी मैदानाला अजिबात नको. ज्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घरात वापरत नाहीत, तेच घ्यावं, तेही ऊन उतरल्यावर आणि फक्त खेळाच्या पट्ट्यापुरतं. रोज किती पिंपं लागली ते फाटकावरच्या फळ्यावर लिहावं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. काका, मामी, तो हिशेब तुम्हीच ठेवा, जास्त वाटलं तर मुख्याध्यापकांना खडसावून विचारा. पण शिबिर बंद करा असं म्हणू नका.